सपाट आलेख

येवल्याच्या विणकर घरातली योगिनी नाशिकच्या एका कॉलेजात कणभौतिकीत पीएचडी करते. परदेशातल्या प्रयोगात कणांच्या टकरी होतात, त्यांची माहिती तिच्या विभागात येते आणि ती त्यात एक नवा कण शोधते. विभागाची रीत अशी, की कोणत्या नोंदी धरायच्या याच्या अटी आधी ठरवायच्या आणि मगच निकाल उघडायचा. नंतर अटींना हात लावायचा नाही.

सोमवारी तिने निकाल उघडला. कण असता तर आलेखात एका ठिकाणी उंचवटा दिसला असता; तिथे सपाट रेघ होती.

विभागप्रमुख शरच्चंद्र सर हळूच म्हणाले, "एक अट जराशी सैल कर. उंचवटा येईल."

"सर, ही रीत तुम्हीच शिकवलीत."

"अगं, फेलोशिप संपत आलीय. रिकाम्या हाताने येवल्याला जाणार?"

"रिकाम्या हाताने कशी? तो कण इथे नाही, हे कळलं की."

"असल्या प्रबंधावर मी सही करणार नाही."

"मग सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर सांगा, का करणार नाही ते."

तिने तो आलेख छापला, विभागाच्या फलकावर मधोमध लावला आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.