या खोलीत आपण बहुसंख्य

खर्ड्याच्या पेठेत माझ्या नवऱ्याचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक शेड, कापूस पिंजायचं एक यंत्र आणि तो स्वतः. गाद्यांच्या खोळी मी घरी शिवते आणि मशीनवर बसल्या बसल्या कविता जुळवते. आम्ही मुसलमान. घरात भांडण दखनीत होतं, बाकी बरंचसं मराठीत. त्यामुळे कविता कुठल्या भाषेत करायची हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो नगरला गेल्यावर पडला, म्हणजे दुसऱ्यांना पडला.

जामखेडच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी आमच्या गावातल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझी कविता ऐकली होती. त्यांनी माझ्या काही कविता परस्पर कुठंतरी पाठवल्या, आणि एके दिवशी फोन करून सांगितलं की नगरच्या सावेडीत कविता महोत्सव भरतोय, त्यातल्या तीन दिवसांच्या कार्यशाळेला येता यावं म्हणून अल्पसंख्याक कवींना फेलोशिप देतात आणि ती तुम्हाला मिळाली आहे. राहणं, जेवण, एसटीचं तिकीट, सगळं त्यांच्याकडे.

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं, म्हणजे गोष्ट त्याला गंभीर वाटली होती. सरकारी वाटणारं काही निघालं की तो मराठीत बोलतो.

‘नावातच फेल हाय,’ तो म्हणाला. ‘नीट इचारून घे.’

पण संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला त्यानेच सांगितलं होतं. शेजारच्या आजी कौतुकाने घरी आल्या आणि मला जवळ बसवून विचारू लागल्या, ‘आता फेल झालेल्यास्नीबी पैसे द्यायला लागले व्हय? कंच्या वर्गात हुतीस गं भाभी?’ मी कार्यशाळा हा शब्द सांगून पाहिला. त्यात शाळा ऐकू आल्यावर त्यांचं समाधान झालं.

नगरच्या गेस्ट हाऊसमध्ये माझ्या खोलीत राहुरीकडच्या एक ख्रिस्ती बाई होत्या, निवृत्त नर्स. नोकरी सुटली होती तरी आवाज अजून ड्युटीवरच होता. मी आत पाऊल टाकताच त्यांनी मला पलंग दाखवला, पाण्याची बाटली भरून घ्यायला लावली आणि म्हणाल्या, ‘तू अल्पसंख्याक, मी अल्पसंख्याक. पण इथं तिसरं कोणी नाही. म्हणजे या खोलीत आपण बहुसंख्य. पंख्याचं आपण ठरवायचं.’ पंख्याचं त्यांनीच ठरवलं. मी त्यांना सिस्टर म्हणू लागले.

सकाळी नावनोंदणीला सगळ्यांना गळ्यात अडकवायला बिल्ले दिले. इतरांच्या फिती निळ्या, आम्हा फेलोशिपवाल्यांच्या हिरव्या. त्यामागे काही हेतू नसावा, निळ्या संपल्या असतील. पण नाश्त्याच्या रांगेत एका गृहस्थांनी ती फीत पाहून सिस्टरना अगदी अदबीने आदाब केला. सिस्टरनीही तितक्याच अदबीने हात जोडले आणि त्यांना मिसळ घ्यायला पुढे जाऊ दिलं.

कार्यशाळा घ्यायला पुण्याहून एक सर आले होते. तरुण, मनाने फार चांगले. पाहुण्याने पोटभर जेवलंच पाहिजे अशी काळजी करणारा यजमान असतो ना, तसे ते आमच्या दुःखाची काळजी करत होते. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, आपल्या वेगळेपणाच्या वेदनेवर लिहा. सिस्टरनी हात वर केला.

‘मी जन्मभर इंजेक्शनं दिली,’ त्या म्हणाल्या. ‘वेदना घेतलेली कमी आणि दिलेली जास्त आहे. ती चालेल का?’

सर म्हणाले, चालेल. मग सिस्टरनी वॉर्डातल्या एका पैलवानावर कविता लिहिली, जो सुई पाहून पलंगाखाली शिरला होता.

मी लिहिलं ते नवऱ्यावर. रोज संध्याकाळी तो कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या भुवया, मिशी, कानावरचे केस कापसाने पांढरे झालेले असतात. दारातून रोज एक म्हातारा आत येतो. मी टॉवेलने त्याला झटकते आणि आतून माझा नवरा निघतो. पण हल्ली झटकूनही थोडं पांढरं तसंच राहतं. एवढीच कविता.

सरांनी माझा कागद हातात घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, हा कापूस म्हणजे कफनाची प्रतिमा आहे का?

‘न्हाई सर,’ मी म्हणाले, ‘कापूसच हाय.’

मग त्यांनी विचारलं, मूळ उर्दूत कशी होती? मी सांगितलं की मूळ मराठीतच होती, आणि त्याआधी ती नव्हतीच. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी लिहून घेतलं.

एवढं सगळं असलं तरी सरांना कविता कळत होती, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. वय होणं, काळ निघून जाणं, असं काहीबाही मी तिथं घातलं होतं. ते म्हणाले, हे काढा, इथं तुम्ही समजावून सांगताय. मला राग आला. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की माझ्या ओळी कापल्या. तोही चिडला आणि कापलेल्या ओळी त्यांनी ठेवून घेतल्या का, असं विचारू लागला. सिस्टरनी मात्र मला कविता दोन्ही तऱ्हेने वाचायला लावली.

‘जखम धुतली त्यांनी,’ त्या म्हणाल्या. ‘झोंबणारच. आता हात लावू नको.’

मी हात लावला नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आमचं वाचन होतं. मी स्टेजवर गेले आणि समोर तिसऱ्या रांगेत नवरा दिसला. इस्त्रीचा शर्ट, केसांना ताजा कलप. न सांगता एसटीने आला होता. कविता कुणावर आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं. पळून जाता येत नव्हतं म्हणून वाचली. म्हाताऱ्याच्या ओळीला लोक हसले, पुढं हसणं थांबलं आणि संपल्यावर टाळ्या आल्या. नवरा टाळ्या वाजवायच्या आधी दोन्ही बाजूंना पाहून घेत होता.

बाहेर चहाच्या टेबलापाशी त्याने मला गाठलं. ‘मेरे पे लिखी क्या?’

मी हो म्हणाले. तो चहा ढवळत राहिला. मग मराठीत म्हणाला, ‘पांढरं राहतं म्हणजे काय? मी कलप लावतो की.’ इतक्यात सर आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. नवऱ्याने त्यांना कारखान्याचं कार्ड दिलं आणि पुण्यापर्यंत गादी पोच करतो म्हणून सांगितलं.

परत आल्यावर आजींनी पहिला प्रश्न विचारला तो पास झालीस का. नवऱ्यानेच परस्पर सांगितलं, झाली. आता तो कारखान्यातच नळावर चेहरा धुऊन घरी येतो, अगदी कानामागेसुद्धा. बाजारातल्या लोकांनी काही म्हणू नये म्हणून असेल. दारात टॉवेल घेऊन उभं राहायचं माझं काम गेलं. मी एकदा म्हटलंही की राहू दे थोडा कापूस, तर तो म्हणाला, ‘परत लिवशील.’

सिस्टरनी पुढच्या वर्षीसाठी पुन्हा चौकशी केली. फेलोशिप एकालाच दोनदा देत नाहीत असं त्यांना कळलं. त्यामुळे त्यांनी महोत्सव फोनवर सुरू केला आहे. दर रविवारी चर्चमधून आल्या की त्यांचा फोन येतो. त्या आधी माझ्या बीपीची गोळी विचारतात, मग नवी कविता. मी मशीन थांबवून वाचते. कविता आवडली तर त्या ‘पुढची’ म्हणतात, आणि नाही आवडली तरी ‘पुढची’च म्हणतात. फक्त आवाज बदलतो.