सूर्याची खरखर आणि पारूकाकूंचा फोन

रविवारी सकाळी दहिवडीत माझ्या डिश-अँटेनाच्या दुकानासमोर छोटीशी शोकसभा घेतली. आपल्याकडे रेडिओ दुर्बिणी उभारणाऱ्या पहिल्या पिढीतले एक शास्त्रज्ञ गेले… माझ्यासाठी ते कायम 'सर'.

मी दहावीपर्यंत शिकलेला. पुढचं सगळं मशिनं उघडून शिकलो, आणि ते सांगायला मला लाज नाही. कराडला कॉलेजात सरांचं भाषण होतं, तेव्हा मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. परदेशातली नोकरी सोडून आलेला, डिशला पत्रा परवडेना तर तारेच्या जाळीची डिश करून दुर्बीण उभी करणारा माणूस…

भाषणानंतर विचारलं, ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी, इतक्या लांबचं, इतकं बारीक ऐकू कसं येतं? म्हणाले, "आधी आपला गोंधळ बंद करायचा."

म्हणून श्रद्धांजलीला सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावले. नुसतं तोंड मिटणं म्हणजे रेडिओची शांतता नव्हे; मोबाईलच्या लहरी हाही गोंधळच. साठ सेंटिमीटरची डिश सूर्याकडे वळवली, जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडला. डिश सूर्यावर आली की खरखर वाढते… ती सूर्याची.

"मग सूर्याला बी सायलेंटवर टाक की गड्या!" मागून आमचा हणमंता.

शेजारच्या पारूकाकू मात्र फोन घट्ट धरून उभ्या. मुलगा फौजेत, बर्फातल्या चौकीवर.

"काकू, दोनच मिनिटं."

"न्हाई बाबा. लय दिस झालं, आवाज न्हाई त्याचा. आज करतो म्हनलाय. पायजे तर लांब जाऊन हुबी राहते."

मनातून चिडलो, पण इथंच थांबा, फोन राहू द्या चालू म्हटलं. सगळे उभे राहिले. स्पीकरमधून सूर्य एकसारखा खरखरत होता…

आणि मधेच टर्र टिक-टिक-टिक! मला कळलं. जवळच्या साध्या मोबाईलवर फोन येणार असला की रिंगच्या आधी त्याच्या लहरींनी स्पीकर असा टरटरतो.

"काकू, फोन!" मीच ओरडलो. मग रिंग वाजली.

"बरा हायस न्हवं रं? …जेवलास का?"

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. पण काकूंचं बोलणं संपेपर्यंत एक माणूस हलला नाही. हणमंता टोपी हातात घेऊन तसाच उभा.

सर, आयुष्यभर तुम्ही लांबून येणारं बारीकसं काही ऐकायला कान लावून बसलात… त्या सकाळी आमच्यात ते एकट्या काकूंना जमलं.