गुळाचा खडा आणि माझा गुलाल

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी गोव्याच्या किनाऱ्यावर, भर गर्दीत केला. शर्यतीतून बाद होऊन रडवेल्या तोंडाने परतलेल्या माझ्या नातीला, ती पहिली आली असं समजून, मी गुलालाने न्हाऊ घातलं. तेव्हा माझी नुकतीच साठी झाली होती. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

पण मला सांगायचं आहे ते आमच्या मोठीबाईंबद्दल. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, मागच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांना ओळखत नसेल असा आमच्या एकोडी गावात एक बैल नव्हता. माणसांचं नाही, बैलांचंच सांगते. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटायच्या. सारं गाव जिंकलेल्या जोडीमागे गुलाल घेऊन धावायचं आणि मोठीबाई निघायच्या हरलेल्या जोडीकडे. पदराच्या गाठीत गुळाचे खडे. बैलाच्या तोंडात खडा देत म्हणायच्या, "जितल्यापाशी लय जन आहेत. याच्याशी कोनी बोलून राहिलं काय?"

मी त्यांना हसायची. गुलालवाल्यांच्या घोळक्यात सगळ्यात पुढे मीच असायची ना!

माझा मुलगा गोव्यात नोकरीला. त्याची मुलगी सायली सुट्टीत गावी आली की मोठीबाई तिच्या पाठीला वाळके भोपळे बांधून तिला तलावात सोडायच्या. तिथे पोहायला शिकलेली ही पोर पुढे समुद्रात शिडाच्या फळीवर उभी राहून वाऱ्याबरोबर पळू लागली. विंडसर्फिंग म्हणतात त्याला. मुरलेल्या व्यावसायिक खेळाडूंबरोबरची तिची पहिलीच स्पर्धा पाहायला आम्ही दोघी जावा गेलो. मी सामानात गुलालाची पुडी घेतली. मोठीबाईंनी काय घेतलं, ते मी विचारलंच नाही.

समुद्र पाहून मोठीबाईंना गावची भाताची खाचरं आठवली. त्या हळहळल्या, "एवढं पानी, अन् धानाची एक बांधी नाही!" मग कळलं, वारा नाही म्हणून शर्यत थांबली आहे. "बैल जुपून वाऱ्याची वाट पाहाची? कोनाचं डोकं म्हनावं हे?"

शेवटी वारा आला, शिडं सुटली. थोड्या वेळाने पाहते तर सायलीचं केशरी शिड एकटंच किनाऱ्याकडे येत होतं, बाकी सगळे मागे! पटात आधी पोचेल तो जिंकला, मला दुसरा हिशोब ठाऊक नव्हता. "आली वं, आमची पोर पयली आली!" म्हणत मी पदर खोचून धावले आणि अख्खी मूठ तिच्या डोक्यावर रिकामी केली.

"आजी, शिड फाटलं गं माझं! मी बाद झालेय. त्यांच्या अजून दोन फेऱ्या आहेत!"

लोक खो-खो हसले, मोबाईल निघाले. सायली फाटक्या शिडाआड जाऊन बसली. दुपारी आणखी एक शर्यत होती, दुसरं शिडही तयार होतं. पण ती म्हणाली, "मी नाही उतरणार. आज नाही आणि पुन्हा कधीच नाही."

तिचे वडील समजावून थकले.

तेवढ्यात मोठीबाई चपला हातात घेऊन वाळू तुडवत आल्या, तिच्यापुढे बसल्या आणि पदराची गाठ सोडली.

"आ कर."

"मोठी आजी, सगळे हसतायत मला."

"तुले कोन हसते? लोक तुह्या आजीले हसून राहिले. तू कायले मधात मधात येतं?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. कोपरापर्यंत लाल हात, नाकावर गुलाल. गूळ तोंडात ठेवूनच ती फस्सकन हसली. मग उठली आणि लाल केसांनिशी दुसरं शिड फळीवर चढवू लागली.

मी ओशाळून लुगड्यावरचा गुलाल झटकत होते. मोठीबाईंनी माझा हात धरला.

"आता झटकत नोको बसू, विमल. उरला तो पुडीत बांधून ठेव. पोरगी पान्यात जाऊन राहिली. अन् या टायमाले मले इचारल्याबिगर उधळू नोको."