बसून जेवायचा वाढदिवस

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला लेकीने जाहीर केलं, "आई, आज तू किचनमध्ये पाऊल ठेवायचं नाहीस. सगळ्यांबरोबर बसून गरम गरम जेवायचं." मला भरूनच आलं. आमच्या बोरिवलीच्या घरात माशाची तुकडी तव्यावरून थेट पानात पडते आणि तळणारी शेवटी जेवते, उरलेली मोडकी तुकडी घेऊन. लग्न झाल्यापासून ती तळणारी मी. माझ्याआधी सासूबाई होत्या. बसून, गरम, सगळ्यांबरोबर. मला दुसरं काहीच नको होतं.

मग खोका आला. जुहूच्या कुठल्याशा बड्या हॉटेलाचा टेस्टिंग मेनू, सात कोर्स, घरपोच. आत बर्फ, चपट्या पिशव्या, ड्रॉपरच्या बाटल्या आणि एक चिमटा. चिमटा कशाला, तर सजावटीची पानं उचलून ठेवायला. आमच्याकडे चिमट्याने पापड भाजतात. वर गुळगुळीत कार्ड होतं: 'आज स्वयंपाक आमचा, आराम तुमचा.'

स्वयंपाक त्यांचा होता, खोटं कशाला बोलू. फक्त तो उकळायचा, फेटायचा आणि थेंबाथेंबाने ताटलीत मांडायचा कोणी, हे सांगायचं राहून गेलं होतं. लेक म्हणाली, "मी करते ना!" आणि तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. नवऱ्याने मात्र मदत केली. सूचनांचा कागद घेऊन तो खुर्चीत बसला आणि मोठ्याने वाचू लागला. "आता फोम कर गं. लगेच वाढायचाय, नाहीतर फेस बसतो." चला, घरात कोणीतरी बसणार होतं.

पहिला कोर्स कपाळावरच्या टिकलीएवढा होता. दुसऱ्यात बीटाची एक चकती आणि भोवती बरीच मोकळी जागा. तिसऱ्यात एकुलती एक कोलंबी, तिच्यावर माझा तो फेस. सासूबाईंनी ताटली डोळ्यांजवळ धरली.

"सुंगटाक साबण कित्याक लावलंस गो?"

"फाइन डायनिंग आहे, आजी," लेक फोनवर हात ठेवून म्हणाली. नवरा फोटो काढत "झकास, झकास" करत होता. प्रत्येक वेळी माझी ताटली ओट्यावर गार होत होती, कारण तोवर पुढची पिशवी उकळत असायची. मी तीन कोर्स उभ्याने गिळले, आणि मग माझं डोकं सटकलं.

उरलेल्या चारही बंद पिशव्या मी एकाच पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टाकल्या. "वाट लागेल गं, वेगवेगळं तापमान लिहिलंय!" नवरा ओरडला. ओरडू दे. भाताचा कुकर तयार होताच. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "भात लावून ठेव, तेवढ्यान कोणाचा पोट भरूचा नाय." मी स्टीलची चार ताटं घेतली. मध्ये भात, त्यावर वरणासारखं भोपळ्याचं सूप, उजवीकडे मशरूम, बाजूला मासा, आणि गोडाचं जे काही थरथरत होतं ते वाटीत. डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं. चारही ताटं एकदम टेबलावर ठेवली आणि बसले.

"अगं, हे एकेक करून खायचं असतं," नवरा म्हणाला.

"सगळा एकाच पोटात जातला," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी भात कालवला.

मी घास उचलला तोच सवयीप्रमाणे नवऱ्याचा आवाज आला, "पाणी?" मीही सवयीप्रमाणे अर्धी उठले. सासूबाईंनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"पाय मोडले काय तुझे?" त्या लेकाला म्हणाल्या. "ऊठ. पाणी माकाव हाड, आणि तिकाव."

तो उठला. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मी घास तोंडात घातला आणि जीभ चांगलीच भाजली. इतकं गरम खायची सवयच राहिली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळे म्हणावं, तर त्या सूपात तिखट औषधालाही नव्हतं.