निंजाची पारख

ज्या वस्तूत एकही खोड नाही, अशी वस्तू आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी आयुष्यात कधी घरात आणलेली नाही. तसली वस्तू जगात असते यावरच त्यांचा विश्वास नाही, आणि चुकून एखादी समोर आलीच तर तिच्याकडे ते इतक्या संशयाने बघतात की ती बिचारी ओशाळावी. राहात्याकडे त्यांची शेती आणि दावणीला कायम देखणी बैलजोडी. पारख अशी, की घोडेगावच्या बैलबाजाराला निघालेली माणसं आधी मामांना टेम्पोत घालून न्यायची. आता शेती पुतण्यांकडे सोपवून ते मामींसह केडगावात राहतात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बैल सुटले, पारख काही सुटली नाही. भाजीवालीची कोथिंबीर, लग्नातला मठ्ठा, दवाखान्यातला नवा डॉक्टर, देवळाच्या मंडपाचा खांब, सगळं ते डोळे बारीक करून, मान तिरकी धरून तपासतात. डॉक्टर त्यांची जीभ बघत होता तेव्हा हे डॉक्टरचे दात बघत होते.

मी नवी स्कूटर घेतली तेव्हा मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला नेली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, सीट उचलून आत डोकावले, चाकाला अंगठा लावून पाहिला, मागे जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "माल बरा हाय, जावईबापू. पन मागनं जरा बसका वाटतोय." माझा चेहरा असा पडला की मामींना राहवलं नाही. आत चहाला बोलावून त्यांनी मला समजावलं, "अवो, आवडली त्यास्नी! बाजारात खोड काढतो ना, तो घेनारा असतो. जो नुसतं वा वा करतो, तो म्होरं निघून जातो. त्या समोरच्या बंगल्याला हे रोज वा वा म्हनत्यात, कारन तो ह्यांना फुकट दिला तरी नकोय." तेव्हापासून माझ्या घरी आल्यावर मामा कशालाही चांगलं म्हणाले की ती वस्तू मी पुन्हा एकदा तपासून बघतो.

खोड काढायच्या या रीतीने मामांचं एकदाच, पण फार मोठं नुकसान केलं. त्यांची एकुलती एक लेक वर्षा पुण्याला शिकायला होती. तिने तिथला एक मुलगा पसंत केला आणि मुलाकडची मंडळी रीतसर घरी आली. मी तिथेच होतो. मामांनी मुलाला शेतीपासून नोकरीपर्यंत सगळं विचारलं, त्याला अंगणात सहज म्हणून चालायला लावलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "पोरगा चांगला हाय, शिकल्याला हाय. पन खांदा जरा उतरता वाटतोय." घोडेगावच्या बाजारात याचा अर्थ 'सोडा दावं, जनावर आमचं' असा होतो. मुलाच्या वडिलांना घोडेगाव माहीत नव्हतं. त्यांनी चहाचा कप होता तसा खाली ठेवला आणि दारात जाऊन चपला घातल्या. इकडे मामा आनंदाने आत हाका मारत होते, "अगं, पेढं आन की भायेर!" पेढ्यांचं ताट घेऊन मामी बाहेर आल्या तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडली होती.

वर्षाने पुढे त्याच मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्या घराची पायरी चढायची नाही, असं सासऱ्यांनी सांगून ठेवलं, आणि आपण होऊन खुलासा करायला जाणं मामांच्या रक्तात नव्हतं. "मी पसंती दिली हुती. त्यास्नी कळली न्हाई त्याला मी काय करू?" एवढंच ते म्हणत, तेही मामी ऐकत नसताना. मामी फोनवर बोलायच्या. नात झाली, तिचं नाव ओवी ठेवलं, ती शाळेत जाऊ लागली, हे सगळं मामांनी मोबाईलच्या काचेवर पाहिलं. मात्र त्या दिवसापासून कोणाही माणसाबद्दल त्यांनी बरंवाईट मत दिलेलं मी ऐकलं नाही. पारख फक्त वस्तूंवर चालायची.

अशात यंदाच्या मे महिन्यात वर्षाचा फोन आला. राहात्याला मैत्रिणीचं लग्न आहे, तिघंही येणार आहोत, सासऱ्यांचा राग आता निवळलाय, परत जाताना दुपारचं जेवायला थांबू म्हणाली. मामींनी डोळे पुसत विचारलं, ओवीला काय आवडतं? पलीकडून उत्तर आलं, निंजा. मामा शेजारीच बसले होते. "निंजा म्हंजी? खायाचं असतंय का?" मी त्यांना सांगितलं की निंजा म्हणजे जपानकडचे तोंड बांधून लढणारे गडी, आणि त्यांची छोटी माणसं घातलेले, ठोकळे जोडून गाडी-घोडा बनवायचे खेळ मिळतात. मामा विचारात पडले. "तोंड बांधल्याला मानूस भल्या कामाला निघाल्याला नसतोय," असं म्हणून त्यांनी धोतर झटकलं आणि चपला शोधायला लागले.

नगरच्या बाजारात दुकानदाराने आधी मोठमोठे खोके काढले. मामांनी ते बाजूला सारले. "पह्यल्याच भेटीला मोठं जनावर म्होरं उभं केलं तर पोर बिचकतंय," म्हणाले, आणि एका कोपऱ्यातला तळहाताएवढा, स्वस्तातला खोका उचलला. वर दोन निंजा, एक काळा, एक लाल, आणि एक तीनचाकी लढाऊ गाडी. त्यांनी खोका कानाशी नेऊन हलवला, समाधानाने मान डोलावली. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी दुकानदाराच्या हातावर टाकला आणि त्याखाली हात घालून त्याची बोटं दाबायला लागले. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, चारचौघांना न कळता, बोटांच्या खुणेने. दुकानदार घाबरला. "आजोबा, चक्कर येते का? अरे, पाणी आणा कुणीतरी!" मी घाईघाईने खोक्यावर छापलेली किंमत देऊन मामांना बाहेर काढलं. "भाव कराया नको म्हनतो म्हंजी माल चोख असनार न्हाई," असं ते घरापर्यंत पुटपुटत होते.

आता खोका तसाच रंगीत कागदात बांधून ठेवावा की नाही? पण आणलेलं जनावर घरच्या दावणीला बांधून, त्याचं खाणं-चालणं बघितल्याशिवाय मामा कुणाला देत नसत. त्यांनी हळूच चिकटपट्टी सोडवली. मला स्वतःलाही फार उत्सुकता होती, त्यामुळे ऑफिस सुटलं की मी तडक त्यांच्या ओट्यावर. मामांनी पहिल्यांदा एक ठोकळा दाताखाली धरून पाहिला. मग चित्रांचा कागद डोळ्यांपासून लांब धरून, ठोकळे एकेक करत जोडले. काळ्या निंजाची मान फिरवली, पाय वाकवले, त्याला बसवलं, उठवलं. "गुडघं न्हाईत, पन बसतोय झ्याक." हात आकड्यासारखे का, नाक कुठे गेलं, टोपडं काढल्यावर खाली टक्कल कसं, असे प्रश्न ते मला विचारत, आणि मला त्यांची उत्तरं येत नसल्याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटे. गाडी तयार झाल्यावर तिला दोरा बांधला, मागे एक कांदा ठेवला आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघितली. कांदा पडला, गाडी टिकली. मामींनी कांदा उचलून आत नेला.

एक भलताच घोळ पुढे झाला. सगळं जोडून झालं तरी काही बारीक तुकडे उरले. मामा अस्वस्थ झाले. चुकून दुसऱ्याचा माल आपल्याकडे आला, हे त्यांना सहन होईना. भर उन्हात रिक्षा करून ते एकटेच दुकानात गेले आणि तुकडे मुठीतून गल्ल्यावर ठेवले. दुकानदाराने, टेबलामागे सुरक्षित अंतरावर उभं राहून, सांगितलं की बारके तुकडे हरवतात म्हणून बनवणारेच जास्तीचे घालतात. परत आल्यावर मामांनी ते तुकडे ओट्यावर ओळीने मांडले. मग म्हणाले, "हरवनार हे त्यांनी आधीच धरल्यालं असतंय बघा, जावईबापू."

"मग निकाल काय, मामा?" मी विचारलं. मामांनी आत मामी आहेत का ते बघितलं आणि आवाज खाली आणला. "लाल्याची तलवार हातात ढिली बसतीया. पन त्या दिशी बोलायचं न्हाई. कशालाबी नाव ठिवायचं न्हाई. ती मानसं पुन्यांदा उठून गेली तर मी काय करू?" मग त्यांनी सगळं सुटं केलं, खोक्यात भरलं आणि चिकटपट्टी पहिल्यासारखी बसवली. शेवटची कड मी दाबली.

ती मंडळी आली त्या दुपारी आम्ही नवरा-बायकोही तिथे होतो. मामांनी बोलल्याप्रमाणे केलं. जावयाच्या गाडीला वा वा. जावयाच्या सदऱ्याला वा वा. वर्षाच्या साडीला, पुण्याहून आणलेल्या बाकरवडीला, ओवीच्या शाळेला, सगळ्याला वा वा. ओवीने खोका फोडला आणि बघता बघता गाडी जोडली. लाल निंजाची तलवार गळून फरशीवर पडली. मामांनी वाकून ती उचलली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "वा! लई भारी!" मी वर्षाकडे पाहिलं. तिचं जेवण ताटात तसंच होतं. जेवणं झाल्यावर ती माझ्या बायकोबरोबर स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

निघायची वेळ झाली. जावई गाडी वळवायला उठला, आणि पिशवी खांद्याला लावून दारात आलेली वर्षा मामांकडे वळून एकदम थांबली. "अण्णा, आल्यापासून बघतेय. एका गोष्टीला नाव ठेवलं नाही तुम्ही. एकालासुद्धा. समोरच्या बंगल्यासारखं वा वा चाललंय नुसतं." जावई मागे वळला. "आम्ही नकोच आहोत ना तुम्हाला? तसं सांगा सरळ."

मामा खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता. बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. त्यांनी मामींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारात थबकलेल्या जावयाकडे पाहिलं. जावई म्हणाला, "बोला ना, अण्णा." तेव्हा मामा पुढे झाले, ओवीचं मनगट त्यांनी अंगठा आणि बोटात धरलं, डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

"पोरगी चांगली हाय," ते म्हणाले. "पन लई वाळलीया. तिकडचं दूध पानचट असतंय. चार दिस ठिवून जा हितं."

वर्षा हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, पण पिशवी तिने खाली ठेवली. जावई एकटाच गाडी घेऊन पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर गेलो तेव्हा ओवी अंगणात पेरूच्या झाडाखाली दोन्ही निंजा लढवत इकडून तिकडे पळत होती. मामा खुर्चीत बसून तिच्या पायांकडे बघत होते. मी शेजारी टेकलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाऊल लई झ्याक टाकती, जावईबापू. काय म्हनून खोड न्हाई." मग म्हणाले, "पन पह्यलं पाऊल कसं टाकलं आसंल, ते काय मला बघाया मिळालं न्हाई." मला फार वाईट वाटलं. ओवी पळतच होती, आणि आम्ही दोघं बघत बसलो.