जादा धरलेला एक रेफरन्स
२०१७ साली आई चिकूच्या वाडीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मी पुण्याचं बिऱ्हाड नवऱ्यावर सोपवून डहाणूला आले. माझं काम घरून करण्यासारखं होतं. मी कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात चालणारा कोड लिहायचे. नवराही तेच करायचा, माझ्याच टीममध्ये. लग्न ठरलं तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं होतं, दोघं मिळून कॉम्प्युटर दुरुस्त करतात. आम्ही ते कधी खोडून काढलं नाही.

त्या वर्षी एक बग आमच्या मागे हात धुऊन लागला होता. उपकरण चालू असताना त्याची केबल उपटली की कधीकधी अख्खं मशीन कोसळायचं. नेहमी नाही, कधीकधी, हेच तर दुखणं. मेमरीतली एखादी वस्तू बरेच जण एकाच वेळी वापरतात, म्हणून तिच्यासोबत एक आकडा असतो, रेफरन्स काउंट. घेणाऱ्याने तो एकने वाढवायचा, काम झालं की एकने उतरवायचा. शून्य झालं की वस्तू मोडीत निघते आणि जागा दुसऱ्याला मिळते. आमच्याकडे कुठेतरी तो आकडा एकदा जास्तच उतरत होता. वस्तू केव्हाच गेलेली, आणि कुणीतरी ती आहे असं समजून तिच्याशी बोलतंय. त्यातून जागा दुसऱ्याने घेईपर्यंत जुना मजकूर तिथे जसाच्या तसा राहतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

मी ओटीवर बसून प्रत्येक घेणं आणि सोडणं तपासत होते. समोर बायका चिकू निवडत असायच्या. आई वॉकर धरून दारापर्यंत यायची आणि तिथूनच त्यांना नरम फळ बाजूला काढायला ओरडायची.

मध्येच नवऱ्याने एक उपाय पाठवला. सुरुवातीलाच एक जादा रेफरन्स घ्यायचा आणि तो कधीच सोडायचा नाही. मग शून्य होणारच नाही, आणि मशीन कोसळणारही नाही. माझं डोकंच फिरलं. घरात उंदीर मेलाय म्हणून उदबत्ती लावण्यातला प्रकार होता तो. केबल उपटावी तितक्या वेळा निरुपयोगी वस्तू मेमरीत साचत जाणार. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, त्यात मी भांडून घेतलं. तो शांतपणे म्हणाला, कोसळत नाही ना, मग सध्या राहू दे. तो होताच असा. कुणाचं मन दुखावेल असं काही असलं की पुढे ढकलायचा. मला ते त्याचं मऊ मन वाटायचं.

शेवटी बग सापडला. वाचन चालू असताना केबल निघाली की आतलं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, रेफरन्स सोडून मोकळं व्हायचं, आणि काम फसलं हे पाहून बाहेरचं फंक्शनही पुन्हा सोडायचं. दोघांनाही वाटत होतं की ते आपलंच काम आहे. मला कधी एकदा त्याला दाखवते असं झालं. तो कामासाठी गाडीने वापीला निघाला होता. डहाणूला वाकडी वाट होईल, हायवेवर तलासरीला भेटू, असं त्यानेच सुचवलं. आईने त्याच्यासाठी तळलेल्या बोंबलांचा डबा दिला आणि मी एसटीने गेले.

हॉटेलात चहा येईपर्यंत त्याने माझा सगळा बदल वाचला. बरोबर आहे म्हणाला, आणि आपली ती जादा ओळ स्वतःच काढून टाकली. मी त्याला चिडवलं की इतक्या सहज हार मानलीस, तर आता येताना घरीही ये, आई वाट बघतेय. त्याने लॅपटॉप मिटला.

"माझ्याकडून संपलंय गं," तो म्हणाला. "तू डहाणूला जायच्या आधीच. सांगणार होतो, तेवढ्यात आई पडल्या. म्हटलं, त्या चालायला लागू देत."

मी विचारलं, दुसरं कुणी आहे का? नाही म्हणाला. माझा विश्वास बसला, आणि त्यानेच जास्त दुखलं. कुणी असती तर निदान तिच्यावर चिडता आलं असतं. इतके महिने रोज संध्याकाळी तो विचारत होता, जेवलीस का, आईचा व्यायाम झाला का. आवाज तोच, हसणं तेच. त्या फोनच्या भरवशावर मी दिवस काढत होते. माझी कीव करून कुणी माझ्याशी संसार करत होतं, हे मला सोसवेना. मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि उठले.

परत आले तेव्हा आई वाडीच्या फाटकात उभी होती. वॉकर लांब ओटीजवळ राहिला होता. निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून तिच्या मागे उभ्या होत्या.

"बघ, काही न धरता आले," ती म्हणाली. "जावयाला फोन लाव. रोज विचारतो बिचारा, आई चालतात का म्हणून. आधी त्याला सांग."

मी तिला मिठी मारली आणि तिथेच हुंदके देऊन रडले. तिला वाटलं, मी आनंदाने रडतेय. माझी पाठ थोपटत ती बायकांना सांगत राहिली, फार केलं हो माझ्या लेकीने, आता हिला तिच्या घरी पाठवते.