घाटात घासलेले चाक

हर्सूलच्या रस्त्यावर टायरचे दुकान चालवणारा बन्सी हा माणूस मुळात लबाड नव्हता. ट्रकवाले डोळे मिटून आपली चाके त्याच्या हवाली करत आणि शेजारच्या टपरीवर चहा पीत बसत. बन्सीला खोड एकच होती. चारचौघांत कोणी आपल्याला शिकवलेले त्याला खपत नसे.

त्याच्या दुकानात पुंजाराम कामाला होता. दोघे तरुणपणी एकाच उस्तादाच्या हाताखाली टायर खोलायला शिकले होते. पुढे बन्सीने दुकान टाकले आणि पुंजारामला ते जमले नाही. त्याच्याजवळ शेत नव्हते, दुकान नव्हते. ‘पुंजारामने बसवलेले चाक हलत नाही,’ असे लोक म्हणत, तेवढीच त्याची कमाई होती, आणि ती तो जिवापाड जपत होता.

एके दिवशी हिमांशू नावाचा तरुण आपले मोटरहोम घेऊन आला. मोटरहोम म्हणजे घरच, फक्त चाकांवरचे. लहान बसमधली बाके काढून आत पलंग, शेगडी आणि मोरी केलेली होती आणि मागच्या पलंगाखाली पाण्याची भली मोठी टाकी बसवली होती. हिमांशूचे वडील दत्तोपंत अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांना झोपल्या जागेवरून कुठेही नेता यावे, म्हणून मुलाने ही गाडी बांधून घेतली होती. वेरूळला जाऊन घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे, एवढेच दत्तोपंतांचे मागणे होते. परंतु गाडीचे पोट जमिनीला इतके लागून होते की प्रत्येक गतिरोधकावर ते खरवडले जाई आणि म्हाताऱ्याच्या हाडांना दणका बसे. म्हणून हिमांशूला मोठी चाके आणि उंच टायर हवे होते.

चाके मागवली गेली, बसवली गेली. हिमांशू टपरीवर चहाला गेला होता. पुंजारामने जॅक उतरवला. बन्सीने मागच्या टायरच्या आणि वरच्या पत्र्याच्या मधल्या फटीत हात घातला.

“चार बोटं हायत,” तो म्हणाला. “उस्तादाचं माप. लई झालं.”

पुंजाराम उकिडवा बसून बघत होता. “बन्सी, टाकी रिकामी हाय. भरून बघू एकदा. मागं वजन पडलं की गाडी खाली बसंल.”

बाजूला दोन ट्रकवाले उभे होते. बन्सी त्यांच्याकडे बघून म्हणाला, “ह्याच्या घरी रोज नळ येतो वाटतं. जा पुंज्या, पाइप घेऊन ये.”

ट्रकवाले हसले. शहरात नळ आठवड्यातून एकदा आला तरी नशीब, हे त्यांनाही ठाऊक होते. दुकानातले पिंप टँकरच्या पाण्याने भरलेले होते आणि ते टाकीत ओतून बघता आले असते. शिवाय उस्तादाचे माप ट्रकच्या जाड, वजनाने न दबणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी होते, असल्या गाडीसाठी नव्हते, हेही बन्सीच्या मनात येऊन गेले. परंतु हसणाऱ्यांच्या देखत पिंप उघडायला त्याचा हात उठला नाही. हिमांशू परत आला, तेव्हा बन्सी म्हणाला, “बघितलंय सगळं. बिनघोर जा, साहेब.”

पुढे हिमांशूच्या कॉलनीत नळाला पाणी आले. या शहरात नळ आला असता भांडे अर्धे भरून ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हिमांशूने मोटरहोमची टाकी काठोकाठ भरली, वडिलांना उचलून पलंगावर निजवले, आई कालिंदीबाईंना शेजारी बसवले आणि गाडी वेरूळच्या वाटेला लावली.

दुपारी बन्सीचा फोन वाजला. त्याचे हात ग्रीसने माखले होते, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला. पुंजाराम समोरच ट्यूबला ठिगळ लावत बसला होता.

“बन्सीमामा, दौलताबादच्या घाटात अडकलोय. मागचं टायर वरच्या पत्र्याला घासून कापलं गेलंय. बाबा आत आहेत. तुम्ही बघितलं होतं ना?”

बन्सी घाबरला. आणि त्याच्या तोंडून निघून गेले, “चाकं पुंजारामनं बसवली, साहेब. मी त्याला म्हटलं व्हतं, नीट बघ म्हणून.”

पुंजारामचा हात थांबला. त्याने वर पाहिले. बन्सीला वाटले, आता हा बोलेल, आणि तो बोलला असता तर बरे झाले असते. परंतु पुंजाराम उठला, त्याने जॅक आणि मोटरहोमची काढून ठेवलेली जुनी चाके टेम्पोत चढवली आणि पुढे जाऊन बसला. वाटेत बन्सी दोनदा खाकरला.

घाटात रबर जळाल्याचा वास होता. हिमांशू पुंजारामवरच धावून आला.

“काका, एवढं वय झालं तुमचं, एक चाक धड बघता येत नाही? माझा बाप आत निजलाय. खाली दरी आहे.”

“अरे, वडीलधारे आहेत ते,” कालिंदीबाई आतून म्हणाल्या.

“यापुढे माझ्या गाडीला यांनी हात लावायचा नाही.”

“चुकलं, साहेब,” पुंजाराम म्हणाला आणि जॅक खाली ठेवून बाजूला झाला.

पुंजारामने शिवी दिली असती, तर बन्सीने ती पचवली असती. त्याचे ते ‘चुकलं’ मात्र बन्सीच्या काळजात रुतले. जे नाव त्या माणसाने आयुष्यभर जपले, ते आपण रस्त्यावर टाकले आणि त्याने ते उचललेही नाही. खिडकीतून दत्तोपंत पाहत होते. त्यांची नजर पुंजारामवर होती आणि तिच्यात दया होती. ती दया बन्सीला सोसली नाही.

“हिमांशूसाहेब,” तो म्हणाला. त्याची मान वर होत नव्हती. “त्याचं कायबी चुकलं नाय. टाकी भरून बघू, असं तो म्हणला व्हता. मीच त्याची थट्टा केली. फोनवर मी खोटं बोललो.”

एक मोटारसायकल गेली. मग हिमांशू पुंजारामकडे वळला. “काका, मला माफ करा.”

“चाक बदलू आधी,” पुंजाराम म्हणाला. “म्हाताऱ्या माणसाला उन्हात ताटकळत ठेवू नका.”

वजन उतरावे म्हणून त्यांनी टाकीचा नळ उघडला. पाणी घाटातून खाली वाहत जाताना पाहून कालिंदीबाईंनी तोंड फिरवले. दोघांनी मिळून जुनी, लहान चाके चढवली. पुंजारामने एकेक नट आवळला, मग पुन्हा तपासला. गाडी हळूहळू वेरूळकडे निघाली, तेव्हा दत्तोपंतांनी आपला चालता हात खिडकीतून त्याच्या दिशेने उचलला.

परतीच्या वाटेवर बन्सी म्हणाला, “पुंजाराम, चुकलो रे मी.”

“त्यांच्यासमोर बोललास, ते बरं केलंस.”

“मग?”

“मग काय? भीती वाटली तवा तुझ्या तोंडात पहिलं माझं नाव आलं. ते कसं आलं, ते मला समजंना.”

पडेगावला पुंजारामने टेम्पो थांबवायला सांगितला. “मी रिक्षानं येतो,” तो म्हणाला आणि उतरून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी कामावर आला. थट्टेला हसलेले ते ट्रकवाले पुन्हा आले, तेव्हा बन्सीने त्यांनाही सगळे सांगितले. ते ऐकताना पुंजाराम पाठमोरा बसून हवा भरत होता. तो वळला नाही.